दादाच्या तोंडी घातलेलं वाक्य

हे मी कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते नीटसं कळत नाही. वहिनी गेल्या त्याला अजून महिना झाला नाही — एवढंच.

मला कादंबऱ्यांतली वाक्यं पाठ करायची सवय. शाळेत मास्तर आहे. अकोले गावातल्या वाचनालयातून पुस्तक आणायचं आणि आवडलेली ओळ मनात घोळवत राहायचं. प्रेमावरची, माणसाच्या स्वभावावरची, हसवणारी. गावात कुणाचा दहावा असला की प्रवरेच्या घाटावर श्रद्धांजलीला मलाच उभं करत. मी एखादी ओळ पेरायचो. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू?

नव्वद सालच्या सुरुवातीला माझा थोरला भाऊ, दादा, गेला. दवाखान्यात शेवटच्या दुपारी मी एकटाच जवळ होतो. दादानं कधी पुस्तक हातात धरलं नव्हतं. धाप लागत होती, तरी हसला. म्हणाला, "कमळीला म्हनावं, माझी वाट बघत बसू नको. मी काय यष्टी हाय व्हय, उशिरा का हुईना यायला? चांगलं घर बघून तिचा पाट लावून दे. तू पुढं हो मास्तर, न्हाईतर कुनी हुनार न्हाई."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्यात चालतं. वहिनी पंचविशीच्या, मूलबाळ नाही. मी हो म्हणून मान हलवली.

पण माझं लग्न व्हायचं होतं आणि आई अंथरुणाला खिळलेली. तिचं हगणंमुतणं वहिनीच काढायच्या. त्या दुसऱ्या घरी गेल्या तर कोण काढणार होतं — मी? हा विचार मी दवाखान्याच्या जिन्यातच करून टाकला होता.

दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढलं. झाडावर कावळे बसलेले, खाली एकही येईना. म्हातारे कुजबुजू लागले, "काहीतरी मागं राहिलंय त्याचं. सांगा त्याला, करू म्हनावं." काय राहिलंय, ते त्या घाटावर मला एकट्यालाच ठाऊक होतं. वहिनी समोरच बसलेल्या. मी तोंड उघडलं — आणि बाहेर पडली ती नुकत्याच वाचलेल्या कादंबरीतली ओळ. दादा जाताना म्हणाला, असं मी म्हटलं, 'ज्या उंबऱ्यावर तू दिवा लावशील, त्याच उंबऱ्यावर मी परत येईन.'

तेवढ्यात कावळा उतरला. शिवला. सगळ्यांनी हात जोडले. आता काय बोलणार होतो मी?

वहिनी रोज तिन्हीसांजेला उंबऱ्यावर दिवा ठेवू लागल्या. त्यांचा भाऊ स्थळ घेऊन आला, तेव्हा तेच वाक्य ऐकवून त्यांनी त्याला परत पाठवलं. मी ओटीवर बसून ऐकत होतो. पुढे आई गेली. तेव्हा तरी सांगता आलं असतं, नाही? वहिनींच्या हातची भाकरी वेळेवर मिळत होती. मी पुस्तक वाचत बसलो.

यंदा काविळीनं वहिनी गेल्या. पुन्हा तोच घाट, आणि पुन्हा कावळा शिवेना. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, दादाचं ते वाक्य म्हना. लई जीव हुता तिचा त्याच्यावर."

यष्टीचं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. मी उंबऱ्याचं म्हटलं.

कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला, आणि लोक जेवायला उठले.