टोपणनावं ठेवणारे गुरुजी

शिंदखेड्याजवळच्या ज्या शाळेत मी शिकवतो, तिथे माझ्या शेजारचा वर्ग या गुरुजींचा. प्रत्येक मुलाला ते टोपणनाव ठेवायचे, खडू कानामागे खोचून स्वतःच मोठ्यानं हसायचे. मुलंही हसायची.

एकदा ते तिसरीला बालहक्क शिकवत होते. "आपलं म्हणणं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे. बोला, कोणाला काय सांगायचंय?"

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. "गुरुजी, तुम्ही माले बुटकी म्हंतस. माले आवडत नही. मनं नाव पूनम शे."

व्हरांड्यातून जाताना ते ऐकून मी दारातच थांबलो.

गुरुजी तिच्यासमोर खाली बसले. "चुकलं माझं, पूनम," म्हणाले. तेव्हापासून ते प्रत्येकाला नावानंच हाक मारतात.

तिला बुटकी मीही म्हणायचो. माफी मागायला मात्र मला अजून जमलेलं नाही.