कौसाच्या कानातली तार

सरकारी दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. संध्याकाळी ॲप्रन झटकला की दोन-चार खाली पडतात! मी अमेरिकेत कानाची सर्जरी शिकून एकाहत्तरला नगरला परतलो, तेव्हा डोक्यात एकच वेड होतं. आतल्या कानाच्या शंखासारख्या वेटोळ्यात बारीक तार सरकवायची, तिच्यातून विजेचा हलका प्रवाह सोडायचा, की ठार बहिऱ्यालाही आवाजाची जाणीव होते! मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

पहिल्याच आठवड्यात कौसा आली. शेवगावकडची, ऊसतोडीला जाणारी. क्षयाच्या इंजेक्शनांनी दोन्ही कान गेलेले. मी तणतणत टीबी वॉर्डात गेलो. तिथले डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आम्ही माणूस जिवंत ठेवतो. कान तुमचं डिपार्टमेंट!"

*

कौसाच्या नवऱ्याला, भिवाला, मी खरं तेच सांगितलं. "तारेनं बोलणं कळणार नाही. आवाज झाला, एवढंच कळेल."

"बोलनं कशाला, सायेब? हिच्या डोक्यावर उसाची मोळी असती, मागं वळता येत न्हाई. परवा बैलगाडीखाली जाता जाता वाचली. गाडी आली येवढं कळलं तरी लई झालं."

इतका नेमका पेशंट मला तिकडेही भेटला नव्हता!

*

आमच्याकडे कानामागचं हाड छिन्नी-हातोडीनं फोडत. मी मोठ्या साहेबांकडे ड्रिल आणि मायक्रोस्कोप मागितला.

"तुझी तार किती जाड?"

"केसाएवढी, सर."

"आधी टाके घालायला दोरा आण. तो कितीही जाड चालेल!"

*

मग दातांच्या डॉक्टरांचं ड्रिल उसनं आणून एका कवटीवर सराव सुरू केला. वॉर्डातल्या सिस्टरना त्याच कवटीवर तारेची वाट दाखवली. कानामागचं हाड कोरायचं, चेहऱ्याची नस आणि कानाचा पडदा यांच्यामधल्या फटीतून आत शिरायचं, आतल्या कानाच्या वेटोळ्याचं दार, म्हणजे गोल खिडकी, गाठायची आणि तिथून तार आत.

"आणि नस तुटली तर?"

"तोंड वाकडं होईल."

"म्हणजे बहिरी आली, आणि बहिरी ती बहिरी, वर वाकडी होऊन गेली!"

मी हसलो. पण त्या दिवशी पुन्हा ड्रिल हातात धरवलं नाही.

*

गावातल्या डॉक्टरांपुढे भाषण दिलं. अगदी घसा बसेपर्यंत! शेवटी एकानं विचारलं, "म्हणजे शब्द कळत नाहीत, नुसती खरखर?"

"सध्या तरी तेवढंच."

"मग ऑपरेशन कशाला? आमचा रेडिओ रोज तेच करतो!"

सगळे खदखदून हसले. चहा आला. मी सांगितलेल्या कौसाच्या बैलगाडीचं कुणी काही विचारलं नाही.

*

तार मी अमेरिकेतल्या माझ्या सरांकडे मागितली होती. प्रयोग चालू आहेत, बाहेर देता येणार नाही, असं त्यांनी कळवलं.

ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर कौसा आणि भिवा आले. दोघांच्या कमरेला एकच दोर बांधलेला.

"ती म्होरं, मी मागं," भिवा म्हणाला. "गाडी आली की वढतो. पन मला बी कवातरी दुसरीकडं जावं लागतं. तार आली का, सायेब?"

मी सांगायला लागलो. प्रयोग, परवानगी, मायक्रोस्कोप, पुढची काही वर्षं, विज्ञानावरचा विश्वास... भिवा मान हलवत होता. कौसा माझ्या तोंडाकडे बघत होती.

एकाएकी तिनं दोराला हिसका दिला. बहिऱ्या माणसाचा तो मोठा आवाज, सगळ्या ओपीडीनं ऐकला:

"अवं, चला! न्हाई म्हनाया येवढं बोलावं लागतं व्हय?"