लोणारला भेटलेले मामा

"किती गावंढळ बोलतो गं हा गाईड," मागून उतरणारी मैत्रीण कुजबुजली आणि मीही हसले. ते गाईड माझे सख्खे मामा होते.

परवा प्रदर्शनात कुणीतरी मोहाच्या वाइनची बाटली उघडली आणि त्या वासाने मला पुन्हा लोणारच्या उतारावर नेलं. आमच्या पुण्याच्या इंग्रजी शाळेची सहल होती. ते सरोवर म्हणजे ज्वालामुखीचं तोंड, असं तेव्हा सांगत.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतात. सकाळी मला बसमधून उतरताना पाहताच मामा हसत वाकू लागले. मी मान फिरवली. ते तसेच खाली बसले आणि चपलेचा बंद चाचपू लागले.

मग दिवसभर त्यांनी ओळख दाखवली नाही. खाऱ्या पाण्याकाठी बाईंनी मोहाच्या दारूबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी पिशवीतून बाटली काढली. "प्याले बंदी हाये, बाई. वास घ्याले नाही." सगळ्या हसल्या. गावातल्या देवळात आरशाने ऊन पाडून ते छतावरची शिल्पं दाखवत होते, तेव्हा एकीने विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

"मले एक भाची हाये," ते वर बघतच म्हणाले. "पुण्याले इंग्रजीत शिकून राह्यली."

निघताना बाईंनी प्रत्येकीला त्यांचे आभार मानायला सांगितलं. माझी पाळी आली. 'मामा' हा शब्द ओठांपर्यंत आला होता. मागे मुली उभ्या होत्या.

"थँक यू, गाईड," मी म्हणाले.