थोरला बँड, धाकटा बँड

हेवी मेटलमध्ये सगळे सारखेच थोर, असं कुणी म्हणालं की माझं टाळकं आजही सरकतं. सगळे कसे सारखे? कुणीतरी आधी वाट काढली, बाकीचे तिच्यावरून चालले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जालन्यात कॉलेजला असताना मी याच मुद्द्यावर रोज भांडायचो, माझ्या खोलीतल्या जोडीदाराशी. तो केदारखेड्याचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. मी अंबडचा, बागायतदाराचा मुलगा. अख्ख्या कॉलेजात ही गाणी ऐकणारे आम्ही दोघंच, आणि तरी आमचं एका बँडवर एकमत नव्हतं.

माझा बँड जुना. जड, संथ, खालच्या पट्टीतला. नंतरच्या सगळ्यांनी त्याचंच उचललं, असं माझं म्हणणं. त्याचा बँड धाकटा, दोन गिटारी एकमेकींच्या मागं घोड्यासारख्या उधळणारा. तो म्हणायचा, थोरल्यानं वाट काढली हे कबूल, पण वाट काढणाऱ्याला चांगलं चालता येतंच असं नाही. प्रभाव वेगळा आणि दर्जा वेगळा. आज मला हे पटतं. तेव्हा मला त्याची मान मुरगाळावीशी वाटायची.

कॅसेटी आम्ही स्टँडजवळच्या एका दुकानातून भरून आणायचो. दुकानदाराचा भाऊ आखातात होता, तो मूळ कॅसेटी पाठवायचा. एका दुपारी मी माझ्या बँडची कॅसेट लावून नेहमीचं सुरू केलं: बघ, हा जडपणा दुसऱ्या कुणाला जमलाय का? तो डोळे मिटून ऐकत होता. कळपातली कुठली मेंढी कुठं आहे हे नुसत्या घंटीवरून सांगणारा तो माणूस. म्हणाला, "ही कॅसेट हळू वाजू राह्यली. भरताना दुकानवाल्याच्या ज्या टेपवर मूळ कॅसेट वाजती, त्याचा बेल्ट ढिला आसंल. सूरच खाली गेलाय."

मी म्हणालो, आपला टेप ठीक आहे. तो म्हणाला, टेप ठीकच आहे, त्याच्यावर माझी कॅसेट बराबर वाजते. उत्तर नसलं की माणूस काय करतो? मी म्हणालो, "मेंढरामागं हिंडणाऱ्यानं मला सूर शिकवू न्हाई."

त्याच आठवड्यात त्यानं दुसरी खोली बघितली.

पुढं मी औरंगाबादला नोकरीला लागलो. तिथं सीडीच्या दुकानात एकदा त्याच कॅसेटवरचं एक गाणं लागलं आणि मी जागच्या जागी थिजलो. बँड संथच होता, पण माझ्या कॅसेटइतका नाही. सूरही वर होता. ज्या जडपणावर मी वर्षानुवर्षं प्रवचनं झोडली, त्यातला निम्मा एका ढिल्या बेल्टचा होता. मला दुकानदाराचा राग आला, बँडचा आला, स्वतःचा तर इतका आला की सुट्टी टाकून मी केदारखेडा गाठलं.

तो जळालेल्या पाण्याच्या मोटारी रिवाइंड करत होता, तांब्याची तार नव्यानं गुंडाळत. वाटेत जुळवलेलं सगळं मी त्याला ऐकवलं: कॅसेटबद्दल तू बरोबर होतास, मी चुकलो, दर्जाचा मुद्दाही तुझाच खरा. हातातले वेढे पूर्ण होईपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

मग म्हणाला, "कॅसेटचं मला तवाच माहीत व्हतं. मंग मेंढराचं बोलल्ता, त्याचं काय?"

आणि मला राग आला. इतक्या लांबून आलो, स्वतःहून चूक कबूल केली, तरी हा ते एक वाक्य धरून बसलाय म्हणून. तोंडावर आलेली माफी मी त्या रागात गिळली आणि चहा न घेता उठलो. भोकरदनहून जालन्याला जाणारी बस लगेच मिळाली. जालना येईपर्यंत मी त्यालाच शिव्या घालत होतो.