मडक्यातले दोन खडे

नानांच्या नंबरवरून फोन आला आणि मी तो कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. गेले पंधरा दिवस माझं हेच चाललं होतं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मात्र तिडीक गेली डोक्यात, उचलला आणि म्हटलं, "नाना, मला तुमच्याशी बोलायचं नाहीये." पलीकडे त्यांची मुलगी होती. "काकू, मी मनीषा... नाना पहाटे गेले." कर्वेनगरात भाजीवाल्यासमोर उभी होते. हातातली कोथिंबिरीची जुडी परत ठेवली आणि घरी आले. रडू आलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं हे मला कळतं, रविवारच्या पुरवणीत तेच वाचत मी म्हातारी झाले. नानांबद्दल चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे आणि तेही लिहिणार आहे. पण ते गेले तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेली होते, आणि महिना उलटला तरी चिडलेलीच आहे.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची आणि नाना गावच्या शाळेत पी.टी.चे सर. त्यांचं गाव तेव्हा पुण्याच्या हद्दीबाहेर होतं, आता महापालिकेत आलंय. गावोगावच्या शिक्षकांसाठी आम्ही एक शिबिर घेतलं होतं, विषय होता शाळकरी मुलांचं दारू पिणं. मी पडद्यावर सडलेल्या यकृताची चित्रं दाखवत होते आणि स्वतःवर बेहद्द खूश होते. मागच्या बाकावरून एक काळासावळा, गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस उठला आणि म्हणाला, "बाई, पोरं याला भीत न्हाईत. त्यांना वाटतंय सगळं गाव पितंय. गाव पीत न्हाई, येवढं दावा त्यांना." सगळे हसले. मला मात्र जेवण गेलं नाही. कारण त्या भागातल्या मुलांशी मी बोलले होते आणि प्रत्येकाने मला हेच सांगितलं होतं, की मी तसा घेत नाही मॅडम, पण बाकी सगळे घेतात. सगळेच जर असं म्हणत असतील तर पितं कोण, हा साधा प्रश्न मला पदव्या असून पडला नव्हता. बाप लोकांचंही तेच. हळदीच्या संध्याकाळी मांडवामागे वेगळी बसायची सोय करायची, दहावी-अकरावीची पोरं तिथे वाढपी म्हणून उभी करायची, आणि बाटल्यांत उरेल ते त्यांचं. पहिला घोट तिथेच. कुठल्याही बापाला विचारा, मला नाही हो आवडत, पण नाही ठेवलं तर लोक काय म्हणतील. आणि हे लोक म्हणजे तरी कोण, तर तसेच न आवडणारे दुसरे बाप!

मग आम्ही मडकं काढलं. म्हणजे कल्पना नानांची, त्याला शास्त्राचं नाव मी दिलं. शाळेची खिचडी शिजायची त्या खोलीत एक मडकं ठेवायचं, शेजारी दोन टोपल्या, एकीत चिंचोके, एकीत खडे. मुलाने एकट्याने आत जायचं. गेल्या महिन्यात घेतली नसेल तर चिंचोका टाकायचा, घेतली असेल तर खडा. नाव नाही, गाव नाही. खडे नानांनी नदीवरून स्वतः निवडून आणले होते, अगदी चिंचोक्याएवढे, कारण म्हणाले, बाहेर पोरं कान लावून बसत्यात, पडल्याचा आवाज सारखाच आला पाहिजे. अशी त्यांची नजर! मग मडक्याचं तोंड मी माझ्या हाताने फडक्याने बांधायची, आणि संध्याकाळी देवळासमोर सगळ्या गावादेखत ते चादरीवर ओतून मोजायचं. पहिलं गाव शेजारचं होतं. चिंचोक्यांच्या ढिगात खडे शोधावे लागले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, अरे, म्हणजे तू पण नाही? ते तोंड बघण्यासारखं होतं. परत येताना नाना स्कूटरवर शिट्टी वाजवत होते आणि मागे बसलेली मी, चाळिशी उलटलेली बाई, वेड्यासारखी हसत होते.

दुसरं गाव नानांचं स्वतःचं. तिथे मडक्यातून दोन खडे निघाले. दोन! मी माइक हातात घेऊन ओरडून सांगितलं, तुमच्या गावची पोरं पीत नाहीत, उगाच त्यांना बदनाम करू नका. बायकांनी टाळ्या वाजवल्या, एका आजोबांनी माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. त्यानंतरच्या लग्नसराईत त्या गावात मांडवामागच्या बैठका कमी झाल्या, पोरांना वाढपी म्हणून उभं करणं तर बंदच झालं. मी त्या दोन खड्यांवर किती व्याख्यानं दिली ते विचारू नका. स्वारगेटहून एसटी धरायची, कुठल्या कुठल्या गावी जायचं, आणि नानांनी शेजारी बसून डब्यातली बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे करायचा. माझे यजमान गेले तेव्हा हा माणूस महिनाभर रोज संध्याकाळी यायचा, काही बोलायचा नाही, कुंड्यांना पाणी घालायचा आणि जायचा. सख्खा भाऊ असा वागला नाही. म्हणून तर...

शेवटची भेट त्यांच्या घरी. हृदयाचं दुखणं होतं, पण पलंगावर बसून पपई खात होते, चेहऱ्यावर तेज. मी सांगत होते की मराठवाड्यातल्या एका संस्थेला आपली पद्धत शिकायची आहे, तुम्ही नाही आलात तरी मी जाईन म्हणते. तर हसले. म्हणाले, "शिकवा की. पण खडं कवा काढायचं तेबी शिकवा." मला वाटलं, थट्टा. मी म्हटलं, कसले खडे? तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. "बाई, तुम्हाला ठाऊक न्हाई व्हय? मला वाटलं, जाणूनबुजून गप बसलाय." त्या दिवशी मी सरपंचांकडे चहाला गेले होते, तेवढ्यात त्यांनी फडकं सोडून मडकं पालथं केलं होतं. खडे बरेच होते. माझ्याच गावात मान खाली कशी घालू, म्हणाले, आणि पोरांना तर खरं ऐकून अजूनच जोर आला असता. संशय नको म्हणून दोन ठेवले. फडकं पुन्हा माझ्यासारखीच गाठ मारून बांधलं. "आकडा खोटा व्हता, बाई, पण पोरं खरी सुधारली का न्हाई?" आणि वर, "एकदाच केलं. फुडं कधी हात लावला न्हाई." एकदाच! पिताना सापडलेली मुलं दारूबद्दल मला हेच सांगायची. खोटं बोलले याचा राग आलाच, पण त्याहून राग कशाचा आला सांगू? मला माहीत असेल आणि मी गप्प बसले असेन, असं इतकी वर्षं हा माणूस धरून चालला होता. माझ्याबद्दल. मी पर्स उचलली आणि निघाले. मागून म्हणत होते, बाई, चहा तरी घ्या. मी वळून पाहिलं नाही.

तेराव्याला गेले. नाही गेले तर नानांच्या बायकोला, वहिनींना काय वाटेल, म्हणून गेले. फोटोला हार, समोर समई, माणसं येत होती, जात होती. खडकीला नोकरी करणारा प्रवीण आला, त्यांचा जुना विद्यार्थी. फोटोला नमस्कार करून वहिनींजवळ बसला आणि म्हणाला, सरांमुळे मी माणसात आलो. त्या वेळी आम्ही चौघं मित्र ओढ्याकडे बसायचो. मडक्याच्या दिवशी चौघांनी ठरवलं, सरांशी खोटं नको, चौघंही खडा टाकायचा. आणि निघाले दोन! मी माझा टाकला होता, म्हणजे त्या तिघांतले निदान दोघं खोटं वागले, कोण ते कळेना. तेव्हापासून दारूही सोडली आणि ते तिघंही सोडले. संतोष तर लहानपणापासूनचा, त्याच्या लग्नाला गेलो नाही, समोर आला तरी बोलत नाही. तो अजून पितो म्हणतात, एकटाच. "पण ते बरंच झालं, काकू," प्रवीण वहिनींना म्हणाला, "माणसं कळली."

वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. मी गप्प बसू शकले असते. नानांनी हेच गृहीत धरलं होतं की मी बसेन. मी म्हटलं, "प्रवीण, खडे दोन नव्हते. सरांनी काढले होते."  वहिनी एवढंच म्हणाल्या, आता कशाला बाई, आणि उठून आत गेल्या. त्या घरात मला पुन्हा कोणी बोलावेल असं वाटत नाही.

 प्रवीण फोन घेऊन दारात गेला, कोणाकोणाला विचारून संतोषचा नंबर मिळवला आणि लावला. मी प्रवीण, म्हणाला. "मी खडाच टाकला होता रे... तू?" पलीकडचं मला ऐकू आलं नाही. त्याने फोन माझ्या हातात दिला, म्हणाला, तो विश्वास ठेवत नाही, तुम्हीच सांगा. मी सांगितलं, मडकं कोणी उघडलं, खडे कोणी काढले, सगळं.   संतोषने हळू आवाजात विचारलं, "मॅडम, मग खरे किती होते? आम्ही चौघंच होतो, का अजून कोणी होतं?"

मी फोटोकडे पाहिलं. ते मी नानांना विचारलंच नव्हतं.