शेळ्यांशी बोलत चालणे

"मॅडम, तुमी फक्त एवढं सांगा, अण्णांना आता रानात जायला जमणार न्हाई," बाळू म्हणाला. "येत्या बाजारात शेळ्या इकून टाकतो."

अण्णा म्हणजे त्याचे वडील, सोपानमामा. जेऊरजवळचे शेतकरी, सत्तरी ओलांडलेले. ते समोरच स्टुलावर बसले होते.

मामांना सीओपीडी आहे. म्हणजे फुफ्फुसातल्या वाटा कायमच्या अरुंद झाल्यात. चाललं की दम लागतो, म्हणून माणूस चालणं सोडतो. मग पायांतली ताकद जाते आणि थोडं चाललं तरी जास्त दम लागतो. अशा पेशंटना पुन्हा चालतं करणं हे माझं काम. मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे.

मामांची अडचण वेगळी होती. दम लागला तरी ते सांगत नसत. गेल्या महिन्यात बांधावर एकदम खाली बसले आणि लोकांनी उचलून घरी आणलं.

"इनहेलर नीट घेतात, ऑक्सिजनही ठीक आहे," आमचे डॉक्टर म्हणाले. "पण हा माणूस आधी बोलत नाही. रिस्क आहे."

"टॉक टेस्ट करून बघते."

"बघा. बोलले तर."

टॉक टेस्ट सोपी असते. चालताना वाक्य सलग बोलता आलं, तर वेग बरोबर. दोन-तीन शब्दांत तुटायला लागलं, तर थांबायचं.

आम्ही कॉरिडॉरमध्ये चालू लागलो. "मामा, सकाळी काय खाल्लं?"

"भाकरी अन् पिठलं," मागून मामांच्या बायको, कौसामामी म्हणाल्या.

"रात्री झोप लागते का?"

"घोरत्यात की."

"मामी, मामांना बोलू द्या."

"ते काय बोलत्यात. लग्नात नाव घ्या म्हटलं तर नुसते हसले. तवापासनं त्यांच्या वाटचंबी मीच बोलते."

मी मामींना बाळूबरोबर चहाला पाठवलं. मग फक्त चपलांचा आवाज उरला. मीही कमी बोलणारी. आमच्या घरी बोलायचं काम ह्यांचं होतं. मी पुस्तक घेऊन बसायची आणि ऐकायची. ह्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. कामापुरतं बोललं की माझा दिवस भागायचा. आता काय विचारावं, सुचेना.

"मला तर सगळ्या शेळ्या सारख्याच दिसतात," मी म्हणाले. खरं तेच बोलले.

मामांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"सारख्या कशा? चंद्रीच्या कपाळावर ठिपका हाय. लई मानी. हाक मारल्याबिगर येत न्हाई. बांडी चोरटी. लोकाच्या तुरीत शिरती अन् वर माझ्याकडंच बगती, जनू मीच धाडलंय."

कॉरिडॉर संपला, आम्ही वळलो. पुन्हा वळलो. "काळी गाभण हाय, तिला..." इथे वाक्य तुटलं.

"थांबा मामा. हाच इशारा."

ते भिंतीला टेकले. ओठांचा चंबू करून, मी दाखवलं तसा, हळूहळू श्वास सोडू लागले. ऑक्सिमीटरवरचा आकडा ठीक होता. दम उतरला तसं त्यांनी वाक्य तिथूनच उचललं. "...तिला बाभळीच्या शेंगा लागत्यात."

मामी चहाचा कप घेऊन दारात थबकल्या होत्या. "हे कोन बोलतंय?"

मी बाळूला रानात जायचा नियम सांगितला. सपाट रान, बेताचं ऊन, खिशात इनहेलर आणि फोन. तोंडाने बोलत राहायचं. वाक्य तुटलं की बसायचं.

"पन रानात बोलायचं कुनाशी?" बाळूने विचारलं.

"शेळ्यांशी बोलत्यात की," मामी म्हणाल्या. "वावडं हाय ते मानसांचं."

बाळूने जरा विचार केला. "निम्म्या ठिवू. मग बघू."

"बांडी द्यायची न्हाई," मामा म्हणाले. त्यांच्या वाटचं तेच बोलले.

पुढच्या तपासणीला मामा त्याच कॉरिडॉरमध्ये पहिल्यापेक्षा बरेच जास्त चालले. मध्ये एकदाही त्यांना उचलून आणावं लागलं नव्हतं. मामींची तक्रार मात्र होती: "सगळं रानातच बोलून येत्यात. घरी पुन्ना गप्प." डॉक्टरांनी केस पेपरवर औषधांच्या खाली लिहिलं, 'शेळ्यांशी बोलत चालणे. रोज.'

हल्ली संध्याकाळी मी घराजवळ, जुळे सोलापूर भागात फिरायला जाते. माझ्याकडे शेळ्या नाहीत. दिवसभराचं ह्यांना सांगत चालते, हळू आवाजात. कधी मध्येच वाक्य तुटतं. थांबते, आणि तिथूनच पुढे बोलते.