वहिनी आणि सात घोड्यांची पोटं

आमच्या तबेल्यात सात घोडे आहेत आणि रोज संध्याकाळी वहिनी एकेकाच्या पोटाला कान लावून उभ्या राहतात. आधी डावीकडून, मग उजवीकडून. मी गेली अकरा वर्षं त्यांच्या पाठीमागून विचारतोय, "काय म्हणतायत आजच्या बातम्या?" पूर्वी त्या "गप्प बसा भाऊजी" तरी म्हणायच्या. हल्ली तेही सोडलं होतं. मी समजलो, कंटाळल्या असतील मला. घरात सगळेच कंटाळतात.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, लोकांना घोड्यावर बसायला शिकवतो. चारा आणून टाकायचं काम माझं. कुणाला काय, किती आणि कधी घालायचं, ते वहिनी ठरवतात. हे काम केवढं असतं ते मला यंदाच्या हिवाळ्यापर्यंत कळलं नव्हतं.

यंदा ऐन कापणीत गवत भिजलं. बाजारात आलेले गठ्ठे वरून हिरवेगार, आणि आत हात घातला की उबट, बुरशीच्या वासाचे. मी आणलेल्या चाळिसांतले बावीस वहिनींनी नुसत्या वासावर परत पाठवले.

"घोड्यांची काही तक्रार आहे का?" मी वैतागून म्हणालो.

"खोकायला लागले की करतील," त्या म्हणाल्या.

उरलेलं गवत निम्मा हिवाळाही पुरणार नव्हतं. मग त्यांनी जोड शोधली. सहा घोड्यांना गवतात मिसळून ओटच्या पिकाचं स्वच्छ, वाळलेलं काड, आणि आजीबाईला बीटचा चोथा. आजीबाई म्हणजे आमची सत्तावीस वर्षांची घोडी. तिच्या दाढा झिजून गुळगुळीत झाल्यात, काड तिला चावतच नाही. साखर काढून उरलेला सुका चोथा वहिनी कोमट पाण्यात भिजवायच्या, फुगला की मुठीत दाबून बघायच्या, मग त्यात कोंडा आणि मीठ. रोज वाढवायचा तो फक्त चहाच्या एका कपाएवढा. "घोड्याचं पोट म्हणजे जुन्या वळणाचा सासरा," त्या म्हणायच्या. "नवीन काही एकदम पुढ्यात ठेवलं की बिनसलंच."

ही घोडी हिवाळा काढत नाही, असं डॉक्टरांनी थंडीच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. वहिनींनी ते मनावर घेतलं नाही. महिन्याभरात आजीबाईच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या. मला खरंच नवल वाटलं, पण मी ते बोललो नाही.

मग बहिणीच्या ऑपरेशनसाठी वहिनींना तीन दिवस जावं लागलं. जाताना त्यांनी मला सगळं दोनदा सांगितलं. मी दोनदा मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मला आजीबाईची दया आली. शेजारी सगळे करकर चावतायत आणि ही बिचारी बादलीतला लगदा चाटतेय! मी तिच्या गव्हाणीत दोन कवळे काड टाकलं. तिने मोठ्या आनंदाने खाल्लं. हौदावरचा बर्फ मी फोडला, पण पाणी कोमट करायचा आळस केला. गार पाणी ती जेमतेम प्यायली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी परतल्या तेव्हा घोडी पुढच्या पायाने जमीन उकरत होती आणि वळून वळून आपल्याच कुशीकडे बघत होती. रात्रीपासून लीद नव्हती. वहिनींनी गव्हाणीतलं उरलेलं काड उचललं.

"हे कुणी घातलं?"

"मी."

त्यांनी ते काड बाहेर फेकलं आणि दादाला डॉक्टरांना फोन करायला सांगितलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी नाकातून नळी घालून तेल आणि पाणी पोटात सोडलं. "न चावलेलं काड आतड्यात अडकलंय. पोट दोन्हीकडून मुकं आहे. मी तीनला परत येतो. तोवर आत आवाज सुरू झाला तर वाचेल. नाही झाला तर तिला कायमचं झोपवू. हाल नको करायला."

दादा तिला अंगणात हळूहळू फिरवत राहिला. दर पाव तासाने वहिनी तिला थांबवायच्या, पोटाला कान लावायच्या आणि नाही अशी मान हलवायच्या. पावणेतीनला त्या फार वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, तुम्ही ऐका."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"माझे कान गेलेत. दोन वर्षं झाली. माणूस समोर असला की ओठांवरून कळतं. हे असलं काही ऐकू येत नाही."

मी लगाम धरून उभ्या असलेल्या दादाकडे बघितलं. त्यालाही माहीत नव्हतं.

"मग रोज काय करता?"

"गाल लावते. आत हललं की गालाला कळतं. आत्ता हलल्यासारखं वाटलं, पण माझंच अंग थरथरतंय. माझा भरवसा नाही. तुम्ही ऐका ना."

दोन वर्षं! दोन वर्षं ही बाई सात घोड्यांची पोटं गालावर पारखत होती, आणि मी मागे उभा राहून विनोद करत होतो. मला तिथेच वहिनींच्या पाया पडावंसं वाटलं. पण आधी घोडी होती.

मी कान लावला. आधी माझ्याच छातीची धडधड ऐकू आली. मग खूप आतून, दूरच्या खोलीत कुणी भरलेलं पिंप सरकवावं तसा आवाज आला. थांबला. पुन्हा आला, आधीपेक्षा मोठा. एवढ्याशा आवाजावर एवढी मोठी घोडी जगणार होती. अकरा वर्षं हे माझ्यापासून हातभर अंतरावर होतं आणि मी एकदाही ऐकलं नव्हतं.

मी वळलो, चेहरा वहिनींच्या समोर आणला आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणालो, "पोट बोलतंय, वहिनी."

"दोन्हीकडे?"

मी पळतच दुसऱ्या बाजूला गेलो. तिकडेही बोलत होतं. डॉक्टरांची गाडी फाटकातून आत येईपर्यंत मी कान काढला नाही. पलीकडून घोडीच्या पाठीवर टेकलेला वहिनींचा फक्त हात मला दिसत होता. त्यांनी पुन्हा गाल लावला असणार, आणि त्यांचं रडणं मला ऐकू येत होतं.